वाचकांचे प्रश्न : छायाचित्रे स्टॉकला द्यावीत की प्रिंट काढून विकावीत?

प्रश्न : रापण (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून होणारी मासेमारी), काजूचा हंगाम, किल्ले आणि शिमगोत्सव यांची पुष्कळ छायाचित्रे मी काढली आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. ती स्टॉक संकेतस्थळांवर (जिथून ग्राहक पैसे भरून चित्र वापरण्याचा परवाना घेतात) द्यावीत की प्रिंट विकाव्यात? घरखर्चाला हातभार लागेल का?
एक वाचिका, वेंगुर्ला

उत्तर : दोन्ही अवश्य करा, मात्र एकच छायाचित्र दोन्हीकडे देऊ नका. मर्यादित प्रतींची प्रिंट घेणारा माणूस ती इतरत्र सहज मिळत नाही म्हणूनच चार पैसे अधिक मोजतो, आणि तेच चित्र स्टॉकवर स्वस्तात मिळू लागले की त्याची फसवणूक होते.

स्टॉकचा ग्राहक भिंतीसाठी नव्हे, तर लेख, पुस्तक किंवा जाहिरात यांच्या गरजेसाठी चित्र शोधत असतो. समुद्रावरचे सूर्यास्त तिथे अमाप पडले आहेत. त्याऐवजी बोंडूपासून काजूबी वेगळी करणारे हात, पेंढ्यात आंबे रचलेली पेटी, अंगणात वाळत घातलेली आमसुले किंवा किनाऱ्यावर ओढून डागडुजीला घेतलेली होडी अशी चित्रे द्या आणि चौकटीत मजकुरासाठी थोडी मोकळी जागा सोडा. शोधशब्द इंग्रजीत, नेमके आणि महत्त्वाच्या क्रमाने लिहा, कारण चित्र कितीही उत्तम असले तरी ते सापडते शोधशब्दांमुळेच.

मोबदल्याबाबत भ्रम नको. अडोबी स्टॉक हे संकेतस्थळ छायाचित्रकाराला विक्रीच्या रकमेतले ३३ टक्के देते. शटरस्टॉकवर छायाचित्रकाराचा वाटा विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के असतो आणि दर १ जानेवारीला पुन्हा तळापासून सुरू होतो. वर्गणीदार ग्राहकाने चित्र उतरवून घेतले तर हाती अनेकदा काही सेंटच येतात. म्हणून महिन्याच्या ठरावीक उत्पन्नाचा भरवसा धरू नका. वर्षानुवर्षे भर घालत गेलेला संग्रहच हळूहळू पैसे देऊ लागतो. नोंदणी करताना डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकेचा करविषयक अर्ज भरायला विसरू नका. भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतील विक्रीच्या मानधनावर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो.

तुमच्या रापणीच्या चित्रांत माणसे ओळखू येत असतील, तर प्रत्येकाच्या लेखी संमतीशिवाय ती जाहिरातीसाठी देता येत नाहीत, केवळ वृत्त व माहितीपर वापरासाठी देता येतात. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत असते. सही घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक अट मालवणीत समजावून सांगा. आपला चेहरा कुठल्या तरी परदेशी जाहिरातीत झळकू शकतो, हे त्या माणसाला आधी कळलेच पाहिजे. शिमग्यातील पालखीच्या चित्रांबाबत गावकर-मानकऱ्यांशी बोलल्याशिवाय मी तरी पुढे जाणार नाही.

किल्ल्यांचे मात्र चांगले आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. संरक्षित स्मारकात कॅमेऱ्याची तिवई (ट्रायपॉड) लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

प्रिंटसाठी तुमचा कॅमेरा पुरेसा आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या चित्रातून ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे २० बाय १३ इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. आम्लमुक्त सुती कागद आणि पिगमेंट शाई यांचाच आग्रह धरा, प्रतींची संख्या आधी जाहीर करा आणि प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक व सही घाला. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा आहे. काच प्रिंटला टेकली की दमट हवेत कागद तिला चिकटतो आणि बुरशी धरते, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नये, हेही ग्राहकाला सांगा. पहिले गिऱ्हाईक मालवण-तारकर्लीच्या होमस्टेंमध्ये शोधा. पर्यटकांसाठी फ्रेमविना, नळीत गुंडाळलेली प्रिंट ठेवा. रेल्वेच्या प्रवासात तीच सोयीची पडते.

प्रश्न : एका होमस्टेच्या मालकांनी पैसे देऊन माझ्याकडून छायाचित्रे काढून घेतली. ती मी स्टॉकवर देऊ शकतो का?
एक वाचक, गुहागर

उत्तर : वेगळा करार झालेला नसेल तर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणाराच असतो. मालकांकडून लेखी परवानगी मिळते का पाहा, आणि पुढचे काम घेताना हक्क कोणाकडे राहणार, हे आगाऊ रक्कम घेण्याआधीच कागदावर लिहून घ्या.