दोन महिन्यांच्या बाळाला मे महिन्यात पाणी पाजावं का?

तुम्ही परभणीजवळ माहेरी आहात, बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. ऊन ४३ अंशांवर गेलंय. आई म्हणते, "आपला घसा कोरडा पडतोय, त्या जिवाला तहान लागत नसेल का? उकळून गार केलेलं दोन चमचे पाणी पाज." आणि डॉक्टरांनी सांगितलंय की सहा महिने पाण्याचा थेंबही नको. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

डॉक्टरांचं ऐका. पण आईला गप्प बसवू नका, तिची भीती खोटी नाही. मी मराठवाड्यातच नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. एप्रिल लागला की पाच-सहा दिवसांची सुकलेली बाळं येऊ लागतात. अंग तापलेलं, टाळू खोल गेलेली, लघवी जवळजवळ नाही, लंगोटावर विटकरी डाग. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, चढलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी पाजलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही विचारपूस करतो तेव्हा कळतं की कमी पडलंय ते दूध. बाळ नीट तोंडात धरत नव्हतं, किंवा पहिले दोन दिवस मधावर नि साखरपाण्यावर काढले आणि चीक पिळून टाकून दिला. अशा बाळाचा इलाज लवकर आणि नीट दूध मिळणं हाच असतो.

उलट, पाणी पाजून पाजून सोडियम उतरलेली बाळंही येतात. त्यांना झटके येतात. एवढ्याशा बाळाची किडनी कच्ची असते, जास्तीचं पाणी तिला झपाट्याने बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हा धोका टळत नाही.

आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. तुमच्या बाळाएवढं बाळ दिवसाला साधारण ७०० ते ८०० मिली दूध पितं, म्हणजे सहाशे मिलीहून जास्त पाणी त्यातूनच त्याच्या पोटात जातं. शिवाय त्या दुधात प्रथिनं आणि क्षार कमी असतात. गाईच्या दुधात १०० मिलीला ३ ग्रॅमहून जास्त प्रथिनं, आईच्या दुधात साधारण १ ग्रॅम. त्यामुळे लघवीवाटे बाहेर टाकायचा माल थोडा, आणि त्यासाठी लागणारं पाणीही थोडं. उरलेलं घामाला पुरतं. १९९१ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ऐन उन्हाळ्यात हे तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी काहींना वरून पाणी दिलं, काहींना नाही. न दिलेल्यांची लघवी प्रमाणाबाहेर घट्ट झाली नाही, आणि दिलेली बाळं दूधच कमी प्याली.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि पान्हा फुटतो. प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक पुढचं दूध तयार करायला लावतं. स्तन जितके रिकामे होतील तितकं दूध भरतं, आणि दूध आत साचून राहिलं तर बनणंच मंदावतं. बोंडल्याने पाणी पाजलं की पोट भरतं, बाळ कमी ओढतं, दूध साचतं. चार-आठ दिवसांत घरात बोलणं सुरू होतं की हिचं दूध आटलं, आता वरचं लावा. किती जणींच्या बाबतीत मी हे पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्या बाईत काहीच कमी नसतं.

आता तहानेचं. उन्हाळ्यात बाळ सारखं सारखं आणि थोडं थोडं पितं. प्यायला लागल्यावर सुरुवातीला दूध पातळ येतं, पुढे त्यातला स्निग्धांश वाढत जातो. तासाभरातच पुन्हा मागितलं म्हणून दूध पुरत नाही असं समजू नका, मागेल तेव्हा घ्या, रात्रीसुद्धा. माठ तुमच्या उशाशी ठेवा. आपल्याकडे अजूनही काही घरांत पोट सुटेल म्हणून बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते कृपा करून चालू देऊ नका. तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही, पण तहान मारायचीही नाही. आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बाळाला टोपडं, मोजे, दुपट्यात गुंडाळू नका. गावात कुणाचं माळवदाचं घर असेल तर दुपार तिथे काढा.

माझी मुलगी लातूरला झाली, २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं शहराला. आमच्याकडे टँकरचं पाणी, पिंपात साठवलेलं. ते बाळाला पाजायचं म्हटलं की जुलाबाच्या विचाराने माझ्या अंगावर काटा यायचा, आणि माझी आई मात्र रोज डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, लेकरू वाळून जाईल. किडनीचं, सोडियमचं सांगून तिला पटेना. शेवटी मी तिला एक वाटी दिली. बाळाने लंगोट ओला केला की तुरीचा एक दाणा वाटीत टाकायचा. लंगोट दोरीवर दहा मिनिटांत वाळायचे, म्हणून दाणे. पहिल्या दिवशी अकरा निघाले. तिने दोनदा मोजले. पाण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही, पण वाटी महिनाभर चालवली.

तुमच्या आईलाही वाटी द्या. दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त दाणे, लघवी फिकट, आणि महिन्याच्या वजनात वाढ, म्हणजे बाळाला पाणी पुरतंय. दाणे सहाच्या आत आले, लघवी गडद पिवळी झाली, बाळ मलूल पडलं, प्यायला उठेना, टाळू खोल दिसली, किंवा कपडे काढून गार जागी नेल्यावरही ताप ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर राहिला, तर चमचा-वाटी शोधत बसू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या बाळाचा ताप घरी बघायचा नसतो. वाटेतही अंगावर पाजत राहा.