अभिप्रायांना स्कीमा लावला, तरी गूगलमध्ये तारे का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की घरगुती मसाल्यांच्या साइटवर होमपेजला 'लोकलबिझनेस' स्कीमा (पानावर काय आहे ते गूगलला सांगणारा कोड) लावून त्यात ग्राहकांच्या अभिप्रायांची सरासरी घातली, चाचणीत चूक निघत नाही, तरी तीन महिन्यांत शोधनिकालात साइटच्या नावाखाली अभिप्रायांचे तारे आले नाहीत. तुमचा कोड ठीक आहे. तारे मागितलेत ती जागा चुकली आहे.

सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने ठरवलं, की दुकानाच्या स्वतःच्या साइटवर त्याच दुकानाचे अभिप्राय असतील, तर त्यांचे तारे दाखवायचे नाहीत. 'लोकलबिझनेस', 'ऑर्गनायझेशन' आणि त्यांचे सगळे पोटप्रकार यात आले. मला हा नियम रास्त वाटतो. आपल्याच दारावर कुणी तक्रार टांगत नाही. वस्तूंना मात्र तो लागू नाही. म्हणून होमपेजवरचं काढा आणि गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, ज्याच्या त्याच्या पानावर 'प्रॉडक्ट' लावा. त्याच्या आत 'अ‍ॅग्रिगेटरेटिंग': सरासरी आणि ती किती जणांची, दोन्ही आकडे हवेत. गोड्या मसाल्याच्या पानावर गोड्या मसाल्याचेच अभिप्राय धरा, सगळ्या दुकानाची बेरीज नको.

आता जे मला महागात पडलं ते सांगतो. ओळखीच्या एका ताईंची पापडांची साइट मी करत होतो. सगळी मराठीत, त्यामुळे पानावर सरासरी ४.६ अशी देवनागरीत. टेम्प्लेटने तोच आकडा उचलून स्कीमात टाकला. चाचणी लाल दाखवत राहिली आणि मी अख्खी संध्याकाळ कुठे स्वल्पविराम राहिलाय का ते शोधत बसलो. स्कीमाच्या व्याख्येतच लिहिलंय: आकडे शून्य ते नऊ हे इंग्रजीच, आणि दशांशाला टिंब. पानावर वाचकासाठी देवनागरी खुशाल ठेवा, स्कीमात आकडे इंग्रजी करा. ग्राहकाचं नाव आणि मजकूर मराठीत चालतो.

कृपा करून एक करू नका: बाजाराच्या मोठ्या साइटवरचे किंवा मॅप्सवरचे अभिप्राय उचलून इथे मोजू नका. आणि जो अभिप्राय पानावर वाचता येत नाही, तो स्कीमातही नको. गूगलच्या माणसांनी पकडलं तर मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे माणसाने तपासून केलेली कारवाई, येते. पानाचा क्रमांक त्याने घसरत नाही, पण तारे जातात.

सगळं बरोबर असूनही तारे दाखवायचे की नाही हे गूगलच ठरवतं, त्यामुळे ग्राहकांना तसा शब्द देऊ नका. आधी एकाच मसाल्याचं पान करा, 'रिच रिझल्ट्स टेस्ट' या गूगलच्या स्कीमा-चाचणीत तपासा, सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या यादीत घेण्याची, विनंती टाका. ते मार्गी लागलं की बाकीची पानं घ्या.