खिडकीला आतून झडपा बसवताना

प्रश्न : ठाण्यातील आमच्या नव्या सदनिकेत दिवाणखान्याची सरकती खिडकी पश्चिमेला आहे. पडद्यांऐवजी आतून फिरत्या पट्ट्यांच्या झडपा बसवाव्यात, असे वाटते. पट्ट्यांची रुंदी आणि साहित्य कसे ठरवावे?

उत्तर : आपला विचार योग्य आहे, कारण पट्ट्या तिरप्या केल्या की दुपारचे थेट ऊन अडते आणि वारा मात्र येत राहतो. अर्थात काचेतून आत शिरलेली उष्णता आतली झडप पूर्णपणे रोखू शकत नाही. म्हणून बाहेर छज्जा असल्यास तो अवश्य राखावा.

बाजारात ६४ आणि ८९ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या सर्रास मिळतात. आधुनिक, मोकळ्या मांडणीच्या खोलीला ८९ मिलिमीटरच अधिक शोभतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्ट्यांची संख्या कमी राहत असल्याने बाहेरचे दृश्य फारसे तुटत नाही आणि धूळ पुसणेही सोपे जाते. परंतु अशी पट्टी पूर्ण उघडली की झडपेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३ सेंटिमीटर बाहेर येते, तेव्हा ती मच्छरदाणीच्या जाळीला किंवा खिडकीच्या मुठीला अडकणार नाही, याची आधीच खात्री करून घ्यावी.

पावसाळ्यातील दमट हवेत एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) फुगते, त्यामुळे दिवाणखान्यासाठी चांगले मुरवलेले सागवान घ्यावे आणि स्वयंपाकघरात पीव्हीसी वापरावे. खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून त्यांतील सर्वांत कमी माप सुताराला द्यावे, कारण गिलाव्याच्या कडा क्वचितच सरळ असतात.