आठ दिवसांतून एक तास, तेवढ्यात माझी नात काय शिकणार?

“आठ दिसाला एक तास येतात त्या मॅडम. तेवढ्यानं लेकरू काय शिकंल, ताई?” दिव्यांग मुलाचे गृहाधारित शिक्षण, म्हणजे विशेष शिक्षिकेने घरी येऊन शिकवणे, सुरू झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात मला हा प्रश्न ऐकायला मिळतो आणि घरी शिकवायचे ठरले म्हणजे शाळेतले नाव कमी झाले का, हा दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. दोन्हींचे उत्तर मी एका आजींच्या घरातील अनुभवावरून देते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरातील एका वाडीवर हे घर आहे. मुलगी नऊ वर्षांची असून तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याचा आजार, आहे. मान जेमतेम सावरते, हात ताठ राहतात आणि बोलणे उमटत नाही. आई आणि वडील मिळून एक कोयता, म्हणजे उसतोडीची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळे दिवाळीनंतर त्यांना टोळीबरोबर कारखान्याच्या भागात जावेच लागते आणि पाडव्याच्या सुमारास ती परत येतात. ते पाच-सहा महिने मुलगी आजींजवळ असते. शाळा दोन किलोमीटरवर, मध्ये ओढा, आणि नऊ वर्षांचे लेकरू कडेवर घेऊन चालणे आजींच्या गुडघ्यांना आता झेपत नाही.

शाळेच्या नावाची भीती आधी घालवणे आवश्यक होते, कारण “पोरगी पटावरून गेली” असे कोणीतरी आजींना सांगितले होते आणि त्या धास्तीने त्या विशेष शिक्षिकेशीही मोकळेपणाने बोलत नव्हत्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यात 2012 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने तीव्र किंवा एकापेक्षा अधिक प्रकारचे दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय हक्क म्हणून दिला. मुलाला शाळेबाहेर ठेवण्याची मुभा त्यातून कोणालाही मिळत नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मी आजींना घेऊन शाळेत गेले, हजेरीपटावरील नाव त्यांना दाखवले आणि वाचून दाखवले. त्या नावावरून त्यांनी दोनदा बोट फिरवले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका फेरीत देता येण्यासारखे नव्हते, आणि तेथे माझी चूकही झाली. विशेष शिक्षिका आणि मी मिळून सकाळ-संध्याकाळचे वेळापत्रक तयार केले, अमुक वेळेला व्यायाम, अमुक वेळेला चित्रे, आणि तो कागद भिंतीला लावून दिला. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा कागद तसाच होता आणि आजी खाली मान घालून म्हणाल्या, “शेळ्या, पाणी, सैपाक, कधी करू हे?” त्यांना अपराधी वाटायला लावणारा कागद मीच त्या घरात नेला होता, याचे मला फार वाईट वाटले. त्यानंतर आम्ही एक पूर्ण सकाळ त्यांच्याबरोबर फक्त बसून काढली आणि त्या जे करतातच, त्यातच शिकवणे कोठे बसते ते पाहिले.

आजी नातीला आडवी मांडीवर घेऊन भरवत असत. अशा स्थितीत घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून घराच्या एका कोपऱ्यात दोन भिंतींच्या आधाराने तिला बसते केले, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या घट्ट गुंडाळ्या लावल्या आणि पाय जमिनीला टेकतील अशी उंची साधली. ताठ बसल्यावर तिला समोरचे दिसू लागले, आणि मला वाटते की तिचे शिकणे खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले. चमच्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे मुठीत राहतो. भरवण्याआधी आजींनी एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात वरणाची वाटी धरायची, “काय पाहिजे?” असे विचारायचे आणि दहा अंक मोजेपर्यंत थांबायचे, एवढेच ठरले. थांबणे सर्वांत अवघड गेले, कारण नातीला काय हवे हे आपल्याला कळतेच असे नऊ वर्षांच्या मायेने त्यांना शिकवले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी मुलीची नजर पेल्यावरून सरकून वाटीवर ठरली. बोलता येत नाही म्हणून समजत नाही असे मानू नये, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. या आजारात ओठ, जीभ आणि हात यांच्या स्नायूंवरचा ताबा जातो, पण समज पुष्कळदा शाबूत असते.

तूर निवडताना आजी आता एकेक दाणा मोजून तिच्या तळहातावर ठेवतात. आठवड्याचा तो एक तास मुलीपेक्षा आजींसाठी अधिक आहे: काय जमले ते शिक्षिका पाहतात, पुढची एकच गोष्ट करून दाखवतात आणि आजींच्या हातून करून घेतात. आता महिन्यातून एका शनिवारी तिच्या वर्गातील चार मुले शिक्षकांबरोबर वाडीवर येतात. त्यांच्या येण्याने होणारा आनंद माझ्या कोणत्याही भेटीने झालेला नाही, आणि शाळेने हे चालू ठेवावे म्हणून मी पाठपुरावा सोडणार नाही.

पाडव्यानंतर आईवडील परतले, तेव्हा मी गेले होते. आईने सवयीने पेला थेट लेकीच्या ओठांना लावला. आजी चुलीपाशी होत्या, तेथूनच म्हणाल्या, “आधी इचार तिला.” आईने पेला मागे घेतला, वाटी उचलली आणि थांबली.