गाडी खाली बसवली, आता अलाइनमेंटचं काय?

वाहन-शंका : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. त्याच संध्याकाळी अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. सहा हजार किलोमीटर होत नाहीत तोच पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाले. दुकानदार म्हणतो, ‘या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, खाली केली की टायर खाणारच.’ हे खरं आहे का?
– वाचक, जळगाव

उत्तर : कॅम्बर सेट करायची सोय नाही, हे खरं असू शकतं. टायर खाणारच, हे मात्र खरं नाही.

कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा झुकाव. तुमच्या गाडीसारख्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) रचनेत गाडी ३५ मिलिमीटर खाली आली की चाक वरच्या बाजूने साधारण अर्धा ते एक अंश जास्त आत झुकतं. एवढ्याने आतली कड थोडी लवकर झिजते, पण सहा हजारात टायर संपत नाही. टायर खातो तो टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टेअरिंग चाकाला जोडणारी सळई) दोघेही कमानीत फिरतात, पण दोघांची लांबी आणि फिरण्याचा बिंदू वेगळा. त्यामुळे गाडीची उंची बदलली की टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो आणि टो बिघडतो. काही गाड्यांत तो आत जातो, काहींत बाहेर. तुमच्या टायरच्या आतल्या कडा गेल्या आहेत, म्हणजे टो-आउट असण्याची शक्यता मोठी.

हिशोब करून पाहा. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकला तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे ८.७ मीटर आडवं घासत जातं. सहा हजार किलोमीटरला हे ५२ किलोमीटर होतं. म्हणजे जळगावहून भुसावळला जाऊन परत येईपर्यंत टायर आडवा फरफटत नेल्यासारखं. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि तापलेलं डांबर.

मग अलाइनमेंट करूनही टो का चुकला? पहिलं कारण, ती त्याच संध्याकाळी केली. नव्या स्प्रिंगा आणि त्यांच्याखालची रबरं पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये आणखी थोडी बसतात. उंची बदलली की टो पुन्हा बदलला. म्हणून पहिल्या दिवशी टो फक्त कामापुरता सरळ करायचा आणि तीनशे ते पाचशे किलोमीटर चालवून मग पक्की अलाइनमेंट करायची.

दुसरं कारण बहुतेक गॅरेजात नजरेतून सुटतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी जोडाचे, बोल्ट कसले जातात. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळलेल्या अवस्थेत कसलं की तीच त्याची ‘सरळ’ जागा ठरते आणि गाडी खाली ठेवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते पीळ सोडायला बघतं, गाडीला थोडं वर धरून ठेवतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग आर्म मागेपुढे हलतो आणि मशीनवरचा सुरेख आकडा रस्त्यावर टिकत नाही. आता तुमच्या मेकॅनिकला सांगा : चाकांवर वजन ठेवून, म्हणजे गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी करून, बुशचे बोल्ट एकदा सैल करायचे, गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून हलवायची आणि मग टॉर्क रेंचने कसायचे. फाटलेला बुश आधी बदलायचा.

कॅम्बरलाही इलाज आहे. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथे दोन बोल्टांनी जोडलेले असतात तिथे वरच्या बोल्टऐवजी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. हा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्याच्या मधल्या भागाचा गोल एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे फिरवला की चाक एक-सव्वा अंशापर्यंत सरकतं. बारीक असल्यामुळे त्याच्यासोबत दिलेल्या टॉर्कनेच कसा आणि डोक्यावरून व नटवरून स्ट्रटपर्यंत रंगाची सरळ रेघ मारून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकला आहे.

मशीनवर क्रम चुकवू देऊ नका. आधी मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो. उलट केलं तर कॅम्बर बदलताना नुकताच लावलेला टो बिघडतो. टो कंपनीच्या मर्यादेत, पण शून्याच्या जवळ ठेवायला सांगा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही आकड्यांचा कागद मागून घ्या. मशीनवर सगळं हिरवं आलं एवढ्यावर समाधान मानू नका, डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक नाही ना, ते पाहा.

प्रश्न : एवढ्या महाग स्प्रिंगा घेण्यापेक्षा मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापला तर? आमच्याकडे अनेकांनी कापल्यात.
– वाचक, फैजपूर

उत्तर : कापू नका. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक कापला तर ती सुमारे २० टक्के कडक होते, शॉकअप मात्र जुन्या कडकपणाला जुळवलेलाच राहतो. कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते आणि परत येताना वाकडी बसते. मग डाव्या-उजव्या उंचीत फरक पडतो आणि त्या फरकावर केलेली अलाइनमेंट वाया जाते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवण्याचा प्रकार तर याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढेही खचतच राहते.

प्रश्न : चार चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन आमच्यापासून लांब आहे. तोवर घरी मापून बघता येईल का?
– वाचक, शिरपूर

उत्तर : येईल, आणि चांगलं येईल. सुतळी, ओळंबा, स्टीलची पट्टी आणि सपाट फरशी एवढं पुरे. शेणाने सारवलेलं अंगण किंवा काळ्या मातीचं खळं चालणार नाही, जमीन चारही चाकांखाली एका पातळीत हवी.

सकाळी, गाडी थंड असताना चारही टायरची हवा भरा. दुपारी तापलेल्या टायरचं माप खोटं येतं. पेट्रोलची टाकी अर्धी ठेवा, डिकीतलं सामान काढा. स्टेअरिंग सरळ करून दोरीने सीटला बांधा. गाडी तीन-चार मीटर पुढे-मागे ढकला आणि बॉनेट दोनदा दाबून सोडा. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाकं ताणलेल्या अवस्थेत जमिनीला चिकटलेली असतात, तशी मापू नका.

आता गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, सुतळी ताणून बांधा. आधाराला दोन्ही टोकांना वीट-दगडांचे उतरंड केलेले थर किंवा लोखंडी स्टँड चालतील. सुतळी टायरला टेकवायची नाही. मागच्या हबच्या मध्यापासून सुतळीचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं करा, पुढच्या हबपासूनचंही दोन्ही बाजूंना सारखं करा. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांएवढं येत नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी वेगळी असते. त्यात गडबडू नका. गरज एवढीच की दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर हव्यात.

मग प्रत्येक पुढच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून सुतळीचं अंतर मोजा. पुढची कड सुतळीपासून जास्त लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. १५ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.१४ अंश. एका चाकाला ३ मिलिमीटर फरक दिसला तर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.

कॅम्बरसाठी ओळंबा. फेंडरवर काठी आडवी ठेवून ओळंबा असा सोडा की दोरी टायरच्या फुगवट्याला लागणार नाही. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. १५ इंची रिमवर वरचं अंतर ७ मिलिमीटरने जास्त असेल तर चाक १ अंश आत झुकलेलं आहे. वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या डब्यात बुडवा, डोलायचा थांबतो.

टो दुरुस्त करायचा तर टाय रॉडचा चेक नट सैल करा, रबरी बुटाची क्लिप ढिली करा, नाहीतर बूट पिळून फाटतो. पूर्ण एका फेऱ्यात चाक साधारण अर्धा अंश वळतं, म्हणून पाव-पाव फेरा फिरवा आणि दोन्ही बाजू सारख्या फिरवा. एकच बाजू फिरवली की टो बरोबर येतो, पण स्टेअरिंग वाकडं बसतं. स्टेअरिंगचा रॅक एक्सलच्या मागे असेल तर टाय रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. गाडी पुन्हा ढकला, पुन्हा मोजा. मशीनची वेळ मिळाली की कागद मात्र घ्याच.

प्रश्न : मागचे टायर करवतीसारखे झिजलेत. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर कंगोरे बोचतात. गाडी चालताना घुमल्यासारखा आवाज येतो. बेअरिंग गेलं का?
– वाचक, नवापूर

उत्तर : आधी बेअरिंग तपासा, सोपं आहे. मागचं चाक उचला, चाकाजवळच्या स्प्रिंगवर बोटं टेकवा आणि चाक हाताने फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर खरखर थेट बोटांना लागते. बोटं शांत असतील तर आवाज त्या कंगोऱ्यांचाच आहे, आणि असे कंगोरे बहुधा टो चुकल्याने येतात.

तुमच्या गाडीत मागे एकच आडवा बीम आहे, असं वर्णनावरून वाटतं. अशा बीममध्ये दोन्ही चाकं एकत्र खाली-वर होतात, म्हणून गाडी खाली केल्याने मागचा टो फारसा बदलत नाही. तिथे टो चुकलेला असेल तर बहुधा खड्ड्यात बीम किंवा स्टब (चाक बसतं तो दांडा) वाकलाय. खाली केलेली गाडी बंप स्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर टेकणाऱ्या रबरावर) वारंवार आदळत असेल, तर असा मार जास्त बसतो. कोंडाईबारी घाटातल्या वळणांवर गाडी मागून सरकल्यासारखी वाटते का, तेही पाहा. थोडा फरक असेल तर स्टब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखी पातळ शिम घालून तो काढता येतो. शिम पूर्ण पृष्ठभागावर टेकणारी घ्या, एका कोपऱ्यात वॉशर सरकवण्याची युक्ती धोक्याची. जास्त वाकला असेल तर भाग बदला, तापवून सरळ करू नका.

प्रश्न : मुलाने गाडी खाली करून आणली. कन्नड घाट उतरताना ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढते. सपाट रस्त्यावर सरळ जाते. पुन्हा अलाइनमेंट करू का? आणि असा बदल कायद्याला चालतो का?
– एक आई, चाळीसगाव

उत्तर : ताई, अलाइनमेंट आत्ता नको. ब्रेकशिवाय सरळ जाणारी गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर पहिला संशय ब्रेकच्या डाव्या-उजव्या कॅलिपरपैकी (ब्रेकपॅड दाबणारा भाग) एक अडकण्याचा आणि दुसरा लोअर आर्मच्या मागच्या बुशचा. ब्रेकच्या जोराने फाटक्या बुशमध्ये आर्म सरकतो आणि चाकाची दिशा त्या क्षणापुरती बदलते. मेकॅनिकला गाडी खड्ड्यावर घेऊन पहारीने आर्म हलकाच उचकून दाखवायला सांगा, बुशमधला खेळ तुम्हालाही दिसेल. हे होईपर्यंत घाटात ती गाडी नेऊ देऊ नका.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो. मूळ स्प्रिंगा भंगारात दिल्या नसतील तर त्या मागून घ्या आणि परत बसवताना वर सांगितलेली बुशची काळजी तेव्हाही घ्यायला लावा.