पेपर वाचणं आणि सत्तेचा अभ्यास करणं यात फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे: बीएस्सी झाल्यावर राज्यशास्त्रात एमए करावं असं मनात आहे, घरचे म्हणतात "रोज पेपर वाच, तेवढंच असतं त्यात", आणि प्रयोगशाळा नसताना ही मंडळी सत्ता, सरकारी धोरणं आणि समाजातला बदल तपासतात तरी कशी, हे तुम्हाला कळत नाहीये. मी इंदूरमध्ये हाच विषय शिकवतो, निवडणुका आल्या की सर्वेक्षणाच्या कामालाही जातो. तुम्हीही इंदूरच्याच, म्हणून उदाहरणं शक्यतो इथलीच देतो.

पेपर वाचणारा अंदाज बांधतो, अभ्यासकही अंदाजच बांधतो. पण अभ्यासक त्यानंतर आपला अंदाज कुठे मोडतोय ते शोधायला निघतो. घरच्यांना एवढं सांगून बघा. पटणार नाही, पण सांगा.

२०२४ ची लोकसभा आठवा. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आला 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' हा पर्याय, २,१८,६७४ मतं घेऊन. २०१९ मध्ये याच मतदारसंघात नोटाला पाच हजारांच्या आसपास मतं होती. अर्ज का मागे घेतला याच्या हजार कथा त्या वेळी पाटणीपुऱ्यापासून राजवाड्यापर्यंत ऐकायला मिळत होत्या. त्या बाजूला ठेवू, कारण त्यातलं काय खरं हे तपासायला हातात काही नाही. तपासता येईल असा प्रश्न वेगळा आहे: ही दोन लाखांवर माणसं कोण होती? काँग्रेसने नोटाचं आवाहन केलं होतं, मग ही पक्षाचीच मतं का? की पक्षाशी देणंघेणं नसलेल्या, पण पर्यायच उरला नाही म्हणून चिडलेल्या लोकांची?

निवडणूक आयोग प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली ते प्रसिद्ध करतो. त्या तक्त्याला फॉर्म २० म्हणतात. २०१९ चा आणि २०२४ चा फॉर्म २० शेजारी ठेवायचा. मधल्या काळात बूथचे क्रमांक आणि हद्दी बदललेल्या असतात, त्या जुळवण्यातच डोळे दुखतात. मग बघायचं, की जिथे काँग्रेसला पूर्वी जास्त मतं होती तिथेच नोटा फुगला का. तिथे फुगला आणि इतरत्र नाही, तर "पक्षाची मतं" हा अंदाज टिकतो. सगळीकडे सारखाच वाढला असेल तर तो अंदाज गेला.

एवढ्यावर थांबलं तर मात्र फसायला होतं. बूथचा आकडा बूथबद्दल सांगतो, माणसाबद्दल नाही. एखाद्या बूथवर जुनी काँग्रेसची मतं जास्त आणि नोटाही जास्त असला, तरी नोटा दाबणारे तेच लोक होते हे त्यावरून ठरत नाही. काँग्रेसवाले घरी बसले असतील आणि भलत्यांनीच नोटा दाबला असेल. २०१९ च्या तुलनेत मतदान घटलंही होतं. म्हणून माणसांना विचारावं लागतं. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा 'लोकनीती' हा कार्यक्रम वर्षानुवर्षं हेच करतो. पुण्याचे सुहास पळशीकर त्याच्याशी दीर्घकाळ जोडलेले आहेत, मराठी वाचकांना ते लेखांमधून माहीत असतील. तिथे मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं उचलतात आणि त्याच माणसाच्या घरी जावं लागतं. तो घरी नाही म्हणून शेजारच्या काकांना विचारलं, असं चालत नाही. जे सहज भेटतात ते बहुधा चौराह्यावरचे बोलके पुरुष असतात. यादीत नाव सुनेचं आणि उत्तर सासऱ्यांचं, हा तर नेहमीचा प्रकार. तेव्हा "काका, जरा पाणी मिळेल का?" म्हणून त्यांना आत पाठवायचं आणि तेवढ्यात दोन प्रश्न उरकायचे. हे पुस्तकात नाही. मत कोणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत, खोटी मतपत्रिका देतात, ती माणसाने स्वतः खूण करून डब्यात टाकायची.

आता सत्तेकडे. १९६१ मध्ये राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरावर पुस्तक लिहिलं. नगरपालिकेतल्या महत्त्वाच्या निर्णयांत कोणाचं म्हणणं चाललं ते मोजा, म्हणजे सत्ता कोणाकडे ते कळेल, अशी त्यांची रीत होती. पुढच्याच वर्षी बॅकरॅक आणि बॅराट्झ या दोघांनी आक्षेप घेतला: जो विषय टेबलावर येऊच दिला नाही, त्याचं काय? मतपत्रिकेवरची नावं मोजून सत्ता दिसेल, पण मतपत्रिकेवर काय नसेल हे ठरवणारी सत्ता कशी दिसणार? २०२४ चं इंदूर वर्गात शिकवताना मला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही.

न घडलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून, हा डालवाद्यांचा उलट प्रश्नही रास्त होता. त्यावर मॅथ्यू क्रेन्सन यांनी १९७१ मध्ये जो तोड काढला तो मला फार आवडतो. इंडियाना राज्यातली गॅरी आणि ईस्ट शिकागो ही दोन शेजारची शहरं, दोन्ही पोलादाची, दोन्हीकडची हवा धुराने भरलेली. ईस्ट शिकागोने धुराविरुद्ध नियम केला १९४९ मध्ये, गॅरीने १९६२ मध्ये. मधली तेरा वर्षं गॅरीत काय झालं? फारसं काहीच नाही, आणि मुद्दा तोच आहे. गॅरीत एकाच बलाढ्य पोलाद कंपनीचं वर्चस्व होतं. तिने आरडाओरडा केला नाही, धमक्या दिल्या नाहीत. तिचा दबदबाच एवढा, की विषय कोणी काढेना. शेजारचं शहर ताडून बघितलं नसतं तर ही शांतता कोणाला दिसलीच नसती.

धोरणांबद्दल थोडक्यात. सरकारने योजना आणली आणि नंतर सुधारणा झाली, एवढ्याने योजनेमुळे झाली असं होत नाही. इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ ला पंचविसावं होतं, २०१७ ला पहिलं आलं. श्रेय आयुक्तांना द्यायचं, महापौरांना, दंडाला, दारोदार फिरणाऱ्या कचरागाडीला की सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोग्यांना? सगळं एकाच वेळी झालं, त्यामुळे वेगवेगळं करणं अवघड, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं उत्तर. कधी नशीब मदतीला येतं. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या ग्रामपंचायतीचं प्रधानपद स्त्रीसाठी राखीव, हे फिरत्या क्रमाने ठरत होतं, कोणाच्या मर्जीने नाही. चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी राखीव आणि बिनराखीव पंचायती ताडून पाहिल्या (दोघंही अर्थशास्त्रज्ञ, पण आम्ही त्यांना आमच्यातच धरतो). बीरभूममध्ये स्त्री-प्रधान असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला होता, आणि पाण्याच्या तक्रारी स्त्रियाच जास्त करत होत्या. हा अभ्यास २००४ चा. आपल्याकडच्या 'पार्षद पती' प्रकारावर, म्हणजे नगरसेविकेच्या नावाने नवऱ्याने कारभार हाकण्यावर, हसणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

समाजातल्या बदलाचं इंदुरी उदाहरण म्हणजे गिरण्या. १९६२ मध्ये या मतदारसंघाने होमी दाजींना लोकसभेवर पाठवलं होतं. कामगार नेते, कम्युनिस्टांचा पाठिंबा, अपक्ष म्हणून उभे. १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा सुमित्राताई महाजन. मधे काय बदललं? चौराह्यावरचं उत्तर तयार असतं: गिरण्या बंद पडल्या, युनियन संपल्या, लाल झेंडा उतरला. ऐकायला चोख. पण तारखा लावून बघा. हुकुमचंद मिल बंद पडली डिसेंबर १९९१ मध्ये, आणि ही जागा काँग्रेसकडे गेली १९६७ मध्येच, भोंगे वाजत असताना! कुठलंही कारण त्याच्या परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. यावर कोणी म्हणेल, गिरण्या एका दिवसात मरत नाहीत. बरोबर आहे, इथल्या काही गिरण्या आजारी म्हणून १९७४ मध्येच सरकारकडे गेल्या होत्या. पण १९६७ च्याही ते नंतरच. म्हणजे पाणी दुसरीकडे मुरतंय: १९६२ ची जीत दाजींची किती आणि पक्षाची किती, गिरणी कामगार एकूण मतदारांत किती होते, विरोधी मतं कशी फुटली होती, शहर कोणत्या बाजूला वाढत गेलं. यातल्या प्रत्येकाला जुने निकाल, जनगणना, युनियनची कागदपत्रं आणि परदेशीपुरा-नंदानगरमधल्या म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती लागतात.

त्याच हुकुमचंद मिलच्या कामगारांना देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. बँका, सरकार, कोर्ट, जमीन यांत फाइल कुठे किती काळ थांबली आणि कोणाच्या पाठपुराव्याने हलली, एवढं तारखांनिशी लावलं तरी एक प्रबंध होईल. गिरण्या गेल्या तरी अनंत चतुर्दशीला त्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात. त्यांना पैसा आता कोण देतं, मंचावर कोण बसतं आणि पूर्वी कोण बसायचं, हे जुन्या फोटोंवरून काढायला एखादा विद्यार्थी मी कधीचा शोधतोय.

घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पेपर रोज वाचावाच लागतो. प्रवेश घेण्याआधी एक करून बघा: आपल्या वॉर्डातल्या बूथचे दोन निवडणुकांचे फॉर्म २० उतरवून घ्या आणि जुळवा. दोन संध्याकाळींनंतरही कंटाळा आला नाही, तर अर्ज भरा. एमएला संख्याशास्त्राचा पेपर ऐच्छिक असेल तर सोडू नका. आमची बीए करून आलेली मुलं त्यालाच घाबरतात, बीएस्सीवाल्यांचं तिथलं निम्मं काम आधीच झालेलं असतं.