छपरावर बर्फ किती चालतो?

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळ राहतो. घर 1950 च्या सुमाराचं, लाकडी, उतरत्या छपराचं. दोन आठवड्यांत छपरावर दोन फूट बर्फ साचलाय. शेजारी म्हणतात, चार फुटांपर्यंत काळजी नको. हे खरं का?

उत्तर : काल-परवा पडलेल्या कोरड्या, भुसभुशीत बर्फापुरतं खरं. तुमचा बर्फ मात्र बसलेला, म्हणजे दबून दाट झालेला आहे. ताज्या बर्फाचा दहा-बारा इंचांचा थर वितळला की इंचभर पाणी होतं, आणि त्याचा भार दर चौरस फुटाला साधारण 5 पौंड. बसलेल्या बर्फाचा तेवढा भार व्हायला तीन ते पाच इंच पुरतात; गोठून घट्ट झालेल्या लादीला इंचभर. अमेरिकेत धडधाकट घराचं छप्पर चौरस फुटाला निदान 20 पौंड (चौरस मीटरला सुमारे 98 किलो) पेलतं असं धरतात. तुमचे 24 इंच म्हणजे कमीत कमी 24, जास्तीत जास्त 40 पौंड! 20 ओलांडले की लगेच छप्पर कोसळतं असं नाही, कारण त्या आकड्यात थोडी सूट धरलेली असते. पण जुन्या, कुजक्या वाशांच्या भरवशावर ती सूट वापरू नये. तुमच्या गावासाठी नियमाचा आकडा किती, ते तिथल्या बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारा. बर्फाळ भागात तो जास्त असतो.

वजन घरीच काढता येतं. सहा इंच व्यासाचा, सरळ बाजूंचा डबा किंवा पाइप घ्या. अंगणात, वाऱ्याने ढीग न लागलेल्या जागी तो उभा दाबत जमिनीपर्यंत न्या; बर्फ खोल असेल तर टप्प्याटप्प्याने. सगळा बर्फ पिशवीत भरून तोला आणि पौंडांना पाचाने गुणा. साडेचार पौंड भरला तर चौरस फुटाला साडेबावीस. अंगणात 20 इंच आणि छपरावर 24 असतील, तर त्याच प्रमाणात वाढवा. नमुन्यासाठी छपरावर चढू नका. बर्फावर पाऊस येणार असेल तर जास्त सावध राहा : बर्फ पाणी शोषतो आणि शोषलेल्या इंचामागे आणखी 5 पौंड चढतात.

प्रश्न : छप्पर आधी कुठे दगा देतं? कसं कळावं?

उत्तर : जिथे बर्फ सारखा पसरत नाही तिथे. दुमजली भागाला टेकून बांधलेली पडवी, गॅरेज, दोन पाखी मिळतात ती घळ, चिमणीची मागची बाजू, इथे वारा बर्फ आणून टाकतो आणि भार बाकी छपराच्या दुप्पट-तिप्पट होतो. दुसरी जागा माळ्यावर : सामानाला जागा करायला कुणी ट्रसचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याचा, आडवा-तिरपा दांडा कापलेला असतो. हे फार घरांत सापडतं, आणि विकत घेताना कुणी बघत नाही. आतले दरवाजे अचानक घासू लागणं, चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीला नवी भेग, आढं मधेच खचलेलं दिसणं, लाकूड कडाडणं : यातलं काही दिसलं तर बर्फ काढत बसू नका, बाहेर पडा आणि इंजिनिअरला बोलवा.

प्रश्न : बर्फ काढायचा कसा?

उत्तर : लांब दांड्याच्या रूफ रेकने (छपरावरचा बर्फ खाली ओढायचं फावडं), जमिनीवर उभं राहून, वळचणीकडून वर. विजेच्या तारा जवळ असतील तर धातूचा दांडा नको. दोन-तीन इंच राहू द्या, नाहीतर शिंगल (छपरावर बसवलेल्या चपट्या पट्ट्या) उखडतात. एकच पाखं रिकामं करू नका; दोन्ही बाजू थोड्या-थोड्या उतरवा, एकीकडेच भार राहिला तर ट्रसवर उलटा ताण येतो. वरचा बर्फ खालच्या छपरावर लोटणं तर अगदीच वाईट. मिठाचे खडे टाकू नका, पन्हळी आणि झाडं खराब होतात. आणि पडलेल्या ढिगाखाली घर तापवणाऱ्या भट्टीचा किंवा कपड्यांच्या ड्रायरचा बाहेरचा पाइप बुजला नाही ना, हे बघा; भट्टीचा बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो.